कॉलेजचा क्रॉसकंट्री आणि ट्रॅकचा कोच व्हायचंय? सुरुवात कशी करावी

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत ‘ॲथलेटिक्स कोच’ असं वेगळं पदच नसतं. असतात ते शारीरिक शिक्षण संचालक, मुलांच्या भाषेत ‘पीडी सर’ नाहीतर ‘स्पोर्ट्सच्या मॅडम’. जिमखान्याची किल्ली त्यांच्याकडे, कबड्डीची मॅट त्यांच्याकडे, आणि पहाटे क्रॉसकंट्रीचा, म्हणजे माळ-टेकड्यांवरून धावण्याच्या शर्यतीचा, संघ घेऊन एसटीत बसणारेही तेच. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत एकट्या धावण्याच्या संघाला मुख्य प्रशिक्षक, मदतनीस आणि फिजिओ असतात. आपल्याकडे हे सगळं बहुधा एकच माणूस करतो. म्हणून या कामात येणाऱ्याला सुरुवातीपासून दोन गोष्टींची तयारी करावी लागते. नोकरी मिळेल असे कागद हातात हवेत, आणि त्या कागदांत न शिकवलेलं कोचिंग मैदानावर शिकायला हवं.

माझं मत आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॉलेजच्या कोचचं काम पदकांवर मोजू नये. प्रथम वर्षाला मैदानावर आलेल्या किती पोरापोरी तृतीय वर्षाला धडधाकट धावतायत, हे मोजावं. तीन वर्षं सलग, न दुखता धावलेल्या मुलांतूनच पदकं येतात.

पहिली पायरी: कागद

कॉलेजात कायम व्हायचं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम वाचून काढा. शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी (बहुधा एम.पी.एड.) किमान ५५ टक्क्यांनी (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत), नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आंतरमहाविद्यालयीन किंवा त्यावरच्या स्पर्धेत खेळल्याची नोंद, आणि शारीरिक क्षमता चाचणी, एवढं लागतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. क्षमता चाचणीत तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर आणि स्त्रीला ८ मिनिटांत १००० मीटर जावं लागतं. पळणाऱ्याला हे अवघड नाही, पण एम.पी.एड. आणि सेटच्या अभ्यासात दोन-तीन वर्षं बूट कपाटात ठेवलेल्यांना तिथे घाम फुटतो. स्वतःचं पळणं सोडू नका.

त्याआधीची पदवी बी.पी.एड. आणि मग एम.पी.एड., दोन-दोन वर्षांचे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि पुण्याचं आगाशे महाविद्यालय ही आपल्याकडची जुनी नावं. या पदव्या शरीरशास्त्र, क्रीडामानसशास्त्र आणि नियम शिकवतात. पंधराशे मीटरच्या मुलीचा ऑक्टोबर कसा आखायचा, हे तिथे फारसं हाती लागत नाही.

त्यासाठी कोचिंगची वेगळी पात्रता लागते. सगळ्यात वजनदार म्हणजे पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, ज्याला सगळे ‘एनआयएस’ म्हणतात त्याचा, एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम. १९६१ पासून मोतीबाग राजवाड्यात चालणारी ही संस्था. तिथेच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही असतो. तो तोंडओळख म्हणून उत्तम, पण जाहिरातीत ‘एनआयएस डिप्लोमा’ म्हटलं असेल तर सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र चालत नाही. अनेक जण हे न वाचता अर्ज करतात आणि छाननीत बाद होतात. याशिवाय भारतीय ॲथलेटिक्स महासंघ प्री-लेव्हल १ आणि त्यापुढचे वर्ग घेतो. पैसा आणि वेळ कमी असेल तर तिथून सुरुवात करा.

‘मी स्वतः मोठा धावपटू नव्हतो, चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. चालेल. आयर्लंडचे ब्रदर कोम ओ’कॉनेल १९७६ मध्ये केनियातल्या इटेन गावी भूगोल शिकवायला गेले, तेव्हा ॲथलेटिक्सशी त्यांचा संबंधच नव्हता. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशा त्यांचाच शिष्य. बघायचं कसं आणि वाट पाहायची कशी, या दोन गोष्टी त्यांनी मैदानावरच शिकून घेतल्या.

दुसरी पायरी: उमेदवारी

पदवी घेता घेताच एखाद्या कोचच्या हाताखाली उभे राहा. निदान एक पूर्ण हंगाम, पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पैसे बहुधा मिळणार नाहीत. घड्याळ धरा, फेऱ्यांच्या वेळा लिहा, हर्डल्स उचलून ठेवा. आणि एक गोष्ट मुद्दाम बघा: कोच मुलाला कधी थांबवतो? वेगानं पळवणं कुणालाही जमतं. ‘आज बस, घरी जा’ कधी म्हणायचं, ते त्या माणसाशेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

नाशिक हे याचं चांगलं उदाहरण आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे (साई) प्रशिक्षक विजेंद्रसिंग तिथे वर्षानुवर्षं टिकून राहिले, आणि सावरपाड्याची कविता राऊत, तिच्यामागून संजीवनी जाधव अशा लांब पल्ल्याच्या मुली एकाच गावातून पुढे येत गेल्या. कविताचं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतलं १०,००० मीटरचं कांस्य हे राष्ट्रकुल स्पर्धांच्या इतिहासात ट्रॅकवर भारतीय महिलेचं पहिलं वैयक्तिक पदक होतं. एक कोच एका गावात टिकला की काय होतं, ते यातून दिसतं. तुमच्या जिल्ह्यात असं टिकून राहिलेलं कोण आहे ते शोधा आणि त्यांना जाऊन भेटा.

तिसरी पायरी: संघ उभा करणं

पहिल्या दिवशी ‘क्रॉसकंट्रीसाठी नावं द्या’ अशी नोटीस लावली तर चार नावं येतील, त्यातली दोन सवलतीच्या गुणांसाठी. खरे धावणारे भेटतात पहाटे, भरतीच्या तयारीत. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यामुळे तालुक्याच्या कोणत्याही मैदानावर नाहीतर हायवेच्या कडेला पहाटे पोरं दिसतात. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत म्हणजे ४०० मीटरची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची. कोणी न शिकवता, फाटक्या बुटांत हे करणारा मुलगा तुमच्याच कॉलेजात बी.ए.ला असतो आणि जिमखान्याला त्याचा पत्ता नसतो. तुम्ही तिथे जा. ‘भरती सोड’ म्हणू नका. भरती त्याच्या घराचा प्रश्न आहे. ‘माझ्याबरोबर पळ, तुझी भरतीची वेळही कमी होईल’ एवढंच सांगा, आणि ते खरं करून दाखवा.

दुसरी जागा खो-खोचं मैदान. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. उशिरा सुरुवात झाली म्हणून कुणाला परत पाठवू नका. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे २०१५ मध्ये क्रॉसकंट्री धावू लागला, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं.

मुलींच्या बाबतीत घरी जावं लागतं. ‘पळण्यानं पोरीचं काय होणार, सर?’ हा प्रश्न वडील विचारणारच, आणि तो रास्त आहे. उत्तरात पदकांची स्वप्नं विकू नका. किती वाजता सराव सुटतो, परत कोण सोडतं, बाहेरगावी कोणत्या मॅडम बरोबर असतात, खर्च कोण करतं, हे नीट सांगा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण सांगा, पण त्यासाठी ठरावीक स्तराची कामगिरी लागते हेही त्याच दमात सांगा. शक्य असेल तर मॅडमना किंवा एखाद्या सीनियर ताईला बरोबर न्या.

चौथी पायरी: मैदान आखायला शिका

हे काम फारसं कोणी शिकवत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. सिंथेटिक ट्रॅक बालेवाडीला आणि काही मोजक्या संकुलांत. तुमच्या वाट्याला येणार कॉलेजचं मैदान, अर्धं गवताचं, अर्धं मुरमाचं. ४०० मीटरचा ट्रॅक तिथे मावेलच असं नाही. २०० मीटरचा मात्र साधारण ९० बाय ५० मीटर जागेत चार लेनसह बसतो.

मापं अशी: ४०-४० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन टोकांना १८.९० मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं. फक्कीनं आखलेल्या रेषेला उंच कडा नसते, म्हणून धावायचं अंतर आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर धरतात. १८.९० मध्ये ०.२० मिळवले की १९.१०, त्याचा पूर्ण घेर १२० मीटर, अधिक दोन बाजूंचे ८०, झाले २००. लेनची रुंदी १.२२ मीटर.

आधी मधोमध ४० मीटरची रेषा ओढा आणि तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोका. खुंटीला सुतळी बांधू नका, ती ताणली जाते आणि एका बाजूचं अर्धवर्तुळ मोठं होतं. स्टीलची टेप किंवा तार वापरा. एकानं खुंटीजवळ टेप घट्ट धरायची, दुसऱ्यानं ताण सारखा ठेवून खिळ्यानं जमिनीवर ओरखडा काढत फिरायचं, तिसऱ्यानं मागून फक्की सोडायची. सरळ बाजू अर्धवर्तुळाला मिळते त्या चारी बिंदूंवर विटा पुरून ठेवल्या की पाऊस झाल्यावर पुन्हा मोजावं लागत नाही. हे काम मुलांबरोबर करा. आपण आखलेल्या ट्रॅकवर मुलं कचरा पडू देत नाहीत.

क्रॉसकंट्रीसाठी माळ, टेकडी, शेताचा बांध, जे मिळेल ते. दीड-दोन किलोमीटरचा वेढा शोधा. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर बुटाला किलोभर चिखल चिकटतो, तेव्हा मुरमाड वाट निवडा. स्पर्धेआधी एकदा तरी खऱ्या चढावर, खऱ्या चिखलात पळवा. सपाट डांबरी रस्त्यावर तयार झालेला मुलगा पहिल्याच उतारावर घोटा मुरगाळून बसतो.

पाचवी पायरी: पहिल्या वर्षाचा सराव

भरतीच्या सवयीची मुलं रोज १६०० मीटर जीव खाऊन पळतात. रोज परीक्षा, तयारी कधीच नाही. तुमचं पहिलं काम त्यांना सावकाश पळायला शिकवणं. पहिले सहा आठवडे घड्याळ खिशात ठेवा आणि गप्पा मारत धावायला लावा. शेजारच्याला अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. मुलं कुरकुरतील, ‘सर, यानं काय होणार?’ म्हणतील. ठाम राहा. अवघड दिवसानंतर सोपा दिवस, हा ओरेगन विद्यापीठाच्या बिल बावरमन यांनी रुजवलेला नियम आजही बदललेला नाही.

सहा आठवड्यांनंतर आठवडा साधारण असा ठेवा. सोमवारी सोपं ४० मिनिटं. मंगळवारी टेकडीवर पाऊण मिनिटाचे आठ चढ, उतरताना चालत. बुधवारी अगदी हलकं किंवा विश्रांती. गुरुवारी २० मिनिटं टेम्पो, म्हणजे त्रास होतो पण श्वास तुटत नाही असा वेग. शुक्रवारी सोपं आणि शेवटी १०० मीटरच्या सहा स्ट्राइड, म्हणजे अंग सैल ठेवून वेगात धाव. शनिवारी सगळ्यात लांब, तासाभरापासून सुरू करून सव्वा तासापर्यंत. रविवार घरचा. शेतीच्या दिवसांत सोयाबीन काढून आलेल्या पोराचा तो दिवस सोपा धरायचा. त्याचं शरीर आधीच काम करून आलेलं असतं.

स्पर्धेला सहा-आठ आठवडे उरले की ट्रॅकवर या. ४०० मीटरच्या आठ फेऱ्या, मध्ये २०० मीटर हळू जॉग, हा साधा सराव घ्या. नवखा मुलगा पहिली फेरी ७० सेकंदांत मारतो आणि आठवी ८८ मध्ये संपवतो. बघणारे टाळ्या वाजवतात, पण सराव वाया गेलेला असतो. त्याला ८० सेकंद द्या आणि आठही फेऱ्या ८० मध्ये मागा. ८० च्या फेरीनं ५००० मीटर १६ मिनिटं ४० सेकंदांत होतात, हे त्याच्यासमोर वहीत मांडून दाखवा. पहिल्या आणि शेवटच्या फेरीत तीन-चार सेकंदांहून जास्त फरक पडला तर चूक वेग ठरवण्याची असते. पुढच्या आठवड्यात वेग उतरवा, फेऱ्या वाढवू नका.

प्रत्येकाची एक वही ठेवा. तारीख, काय पळलं, झोप किती, कुठे दुखतंय. नडगीवर बोट ठेवल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल आणि ती चालतानाही जात नसेल, तर तो साधा दुखावा समजू नका. हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. धावणं बंद, हाडांचे डॉक्टर, मग पुढचं.

सहावी पायरी: संघाचं गणित

क्रॉसकंट्रीत जागेचा क्रमांक म्हणजेच गुण, आणि कमी गुणांचा संघ जिंकतो. जागतिक स्पर्धेत सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांचे गुण धरतात. अमेरिकी कॉलेजांत सात धावतात, पाचांचे धरतात. आपल्या विद्यापीठाचा आकडा आणि अंतर परिपत्रकात बघा. समजा चौघांचे धरतात. एका कॉलेजचे खेळाडू १, २, १९ आणि २४ वे आले: बेरीज ४६. तुमचे ३, ८, ११ आणि १५ वे: बेरीज ३७. पहिले दोघे त्यांचे, करंडक तुमचा. म्हणून तुमचा अर्धा वेळ चौथ्या आणि पाचव्या मुलावर जायला हवा.

याची परमावधी १९९२ मध्ये झाली. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या अलामोसा या लहानशा, उंचावरच्या गावातल्या ॲडम्स स्टेट कॉलेजच्या मुलांनी कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेच्या दुसऱ्या श्रेणीत पहिल्या पाचही जागा घेतल्या. एक ते पाचची बेरीज १५, याहून कमी गुण होऊच शकत नाहीत. त्यांचे कोच जो व्हिजिल. आडगावच्या कॉलेजात काय होणार असं वाटेल तेव्हा हे आठवा.

सातवी पायरी: फॉर्म आणि प्रवास

पात्रता अर्ज, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, आधार, फोटो, प्राचार्यांची सही आणि शिक्का. जुलैतच प्रत्येकाची फाइल करा. वर्षभर पळलेला मुलगा एका सहीसाठी स्पर्धेबाहेर राहतो तेव्हा त्याला काय सांगणार? आंतरमहाविद्यालयीन, मग विद्यापीठाचा कॅम्प, आंतरविद्यापीठ, राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, अशी शिडी आहे. तारखा दरवर्षी हलतात, म्हणून परिपत्रक आलं की त्याच दिवशी सरावाची वही पुन्हा मांडा. मुली असतील तर महिला व्यवस्थापक हवीच, तडजोड नाही. टीए-डीए (प्रवास आणि दैनिक भत्ता) उशिरा येतो, तेव्हा प्राचार्यांकडून आगाऊ रक्कम मागून घ्या आणि प्रत्येक बिल जपा.

आठवी पायरी: तब्येत, औषध आणि विश्वास

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तुमच्या संघातल्या मुली याच देशातल्या आहेत. ‘ही हल्ली ढिली पडलीय’ म्हणण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यात, मुलांचंही. भाकरी, उसळ, पालेभाजी, लिंबू, शेंगदाणे-गूळ, चालत असेल त्याला अंडी. जेवणाबरोबर चहा नको, त्यानं लोह कमी शोषलं जातं. पाळी दोन-तीन महिने चुकली तर ‘जास्त पळणाऱ्यांचं असंच होतं’ हे ऐकून घेऊ नका. अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. हे बोलणं मॅडमनी किंवा डॉक्टरांनी करावं.

उन्हात कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर आधी त्याला गार करा: सावली, अंगावर भरपूर थंड पाणी, मिळेल तो बर्फ. त्याच वेळी १०८ ला फोन. गाडीची वाट बघत नुसतं बसू नका.

भरतीच्या मैदानांवर इंजेक्शनं आणि बिननावाच्या पावडरी फिरतात. तुमच्या मुलांना पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगा: मला न विचारता काही घ्यायचं नाही, आणि मीही नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत तपासल्याशिवाय काही देणार नाही. सर्दी-तापाच्या औषधासाठीही हाच नियम. आणि तुमच्यासाठी एक नियम: एकट्या मुलीचा किंवा मुलाचा सराव बंद दाराआड नाही, मालीश स्वतः नाही, रात्रीचे खासगी मेसेज नाहीत. सूचना गटावरच द्या. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, हे संघातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक हवं.

नववी पायरी: रविवारच्या शर्यतींचा मोह

डिसेंबर-जानेवारीत गावोगावी रोड रेस असतात आणि बक्षीस रोख असतं. गरीब घरच्या मुलाला ‘जाऊ नको’ म्हणणं सोपं नाही. पण दर रविवारी डांबरावर जीव तोडून पळालेला मुलगा आंतरविद्यापीठला थकलेला पोचतो. महिन्यातून एक शर्यत ठरवा, ती त्याच्याबरोबर बसून निवडा, आणि बुटांचा खर्च माजी विद्यार्थ्यांकडून उभा करायचा प्रयत्न करा. पैशाची गरज खरी असेल तर ती ऐकून घ्या, मग निर्णय घ्या.

नोकरीचं काय?

कायम पद मिळालं तर सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या शैक्षणिक स्तरावर, मूळ वेतन ५७,७००. पण जाहिराती थोड्या आणि उमेदवार खूप. अनेकांची पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर जातात आणि त्या पैशांत घर चालत नाही. म्हणून दुसऱ्या वाटाही उघड्या ठेवा: राज्य क्रीडा विभागातलं क्रीडा मार्गदर्शकाचं पद, साई आणि खेलो इंडियाची केंद्रं, निवासी शाळा, पुण्या-मुंबईतले हौशी धावपटूंचे गट. शेवटच्या प्रकारात पैसा बरा मिळतो, आणि सकाळचे दोन तास तिथे देऊन संध्याकाळी कॉलेजची मुलं सांभाळणारे कोच आहेत. त्यात कमीपणा काही नाही.

तुमचा एखादा मुलगा सैन्यात, साईच्या केंद्रात किंवा पोलिसात लागेल तेव्हा त्याची वही त्याच्याबरोबर द्या. कुठल्या महिन्यात किती पळाला, कुठे दुखलं, कोणत्या सरावानं सुधारला, हे पुढच्या कोचला आयतं मिळतं आणि मुलगा पुन्हा शून्यापासून सुरू करत नाही. वहीची एक प्रत जिमखान्यात ठेवा. पुढच्या जुलैत प्रथम वर्षाला आलेल्या पोराला, आपल्याच गावचा माणूस इथवर कसा पोचला, ते आठवड्या-आठवड्यानं वाचता येईल.